पडद्यावरचे वण

आम्हा मित्रांच्या गटाने हिशेब ठेवण्यासाठी पहिला संगणक आणला तो जुनाच होता. एका कचेरीने मोडीत काढलेला, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरे उमटवणारा. तो बंद असतानाही त्याच्या पडद्यावर काहीतरी लिहिलेले दिसे. खिडकीतला उजेड तिरपा पडला की वरच्या बाजूला खातेक्रमांक, नाव, शिल्लक अशा रकान्यांचे इंग्रजी मथळे आणि त्यांच्याखाली एक लांब आडवी रेघ, हे सारे फिकट तपकिरी रंगात वाचता येत असे. आम्ही काच ओल्या फडक्याने पुसली, स्पिरिटने पुसली. काही उपयोग झाला नाही, कारण वण काचेच्या आतल्या बाजूला होता. कोणा अनोळखी कारकुनाने वर्षानुवर्षे रोज सकाळी उघडलेले तेच ते पान यंत्राच्या अंगावर कायमचे गोंदले गेले होते.

हे जुने आठवण्याचे कारण असे, की गेली काही वर्षे संगणकाच्या दुकानांत खूप रुंद, किंचित वक्र असे ओएलईडी पडदे दिसू लागले आहेत. ३४ इंची, ४५ इंची, काही तर ४९ इंची. चित्र पाहून डोळे निवतात. काळा रंग खरोखरच काळा दिसतो. किंमत मात्र ऐकून घाम फुटतो. आणि विकत घेणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, “याच्यावर डाग पडतात म्हणे, खरे का?” ज्या शाळा-महाविद्यालयांत ध्वनिचित्रफिती तयार करण्याचे काम चालते तेथील शिक्षकांनीही आम्हाला हा प्रश्न विचारला आहे. सार्वजनिक पैशातून एवढी महाग वस्तू घ्यायची, तर ती किती वर्षे टिकेल हे विचारणे रास्तच आहे. उत्तर द्यायला बसलो तेव्हा लक्षात आले, की हा प्रश्न ओएलईडीपेक्षा पुष्कळ जुना आहे. प्रकाश देणारा पडदा जेव्हापासून आहे, तेव्हापासून त्याच्यावर वण उमटत आले आहेत.

मध्यभागचा तपकिरी ठिपका

१८९७ साली स्ट्रासबुर्ग येथे फर्डिनांड ब्राउन या जर्मन भौतिकशास्त्रज्ञाने कॅथोड किरणांच्या साहाय्याने विद्युतप्रवाहातील बदल डोळ्यांना दाखवणारी नळी बनवली. निर्वात काचनळीत एका टोकाकडून इलेक्ट्रॉनांचा झोत निघतो, दुसऱ्या टोकाला फॉस्फरचा, म्हणजे इलेक्ट्रॉन आदळले की प्रकाशणाऱ्या पदार्थाचा लेप असतो. जुना दूरदर्शन संच आणि आमचा तो हिरवा पडदा ही याच नळीची पोरे.

इलेक्ट्रॉन आदळतो तेव्हा त्याच्या ऊर्जेचा थोडाच भाग प्रकाशात बदलतो. उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते, आणि काही अंश फॉस्फरच्या स्फटिकाची रचना बिघडवण्यात खर्ची पडतो. तरीही नळी असलेल्या दूरदर्शन संचांवर आरंभी पडलेला सर्वात ठळक डाग इलेक्ट्रॉनांनी पाडलेला नव्हता. तो पडद्याच्या अगदी मध्यावर पडे, आणि तो का पडतो याचे उत्तर अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना स्वतः काढता येईल असे आहे.

नळीत इलेक्ट्रॉनांबरोबर थोडे ऋण आयनही निघतात. समजा तो ऑक्सिजनचा आयन आहे. त्याचे वस्तुमान हायड्रोजनच्या सोळा पट, आणि प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट जड. म्हणजे आयन इलेक्ट्रॉनपेक्षा सुमारे २९,००० पट जड झाला. दोघांवरचा विद्युतभार सारखा आणि दोघे एकाच विद्युतदाबाने ढकललेले, म्हणून दोघांची गतिज ऊर्जा सारखी. पण दूरदर्शनच्या नळीत झोत वळवण्याचे काम चुंबकीय क्षेत्र करते, आणि चुंबकीय क्षेत्रातील वळण वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. २९,००० चे वर्गमूळ सुमारे १७०. ज्या क्षेत्राने इलेक्ट्रॉन पडद्यावर १७ सेंटिमीटर बाजूला सरकतो, त्याच क्षेत्राने हा आयन सरकतो जेमतेम एक मिलिमीटर. चित्र सगळ्या पडद्यावर फिरते, आयन मात्र जवळजवळ सरळ रेषेत जाऊन मध्यभागीच मार देत राहतात. थोड्याच काळात तेथे काळपट ठिपका तयार होतो.

आता मुलांना पुढचा प्रश्न विचारावा. प्रयोगशाळेतल्या ऑसिलोस्कोपच्या नळीत असा ठिपका का पडत नसे? तेथे झोत विद्युतक्षेत्राने वळवला जातो, आणि विद्युतक्षेत्रातले वळण वस्तुमानावर अवलंबून नसते. आयन आणि इलेक्ट्रॉन एकाच वाटेने जातात, मार विभागला जातो. आमच्या मते विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांमधला फरक शिकवण्यासाठी यापेक्षा चांगले उदाहरण मिळणे कठीण. पाठ्यपुस्तकात ते आलेले आम्ही पाहिलेले नाही.

या ठिपक्यावर दोन उपाय निघाले. पहिल्यात इलेक्ट्रॉनांची तोफ मुद्दाम तिरपी बसवून नळीच्या मानेवर लहानसा चुंबक लावत. तो इलेक्ट्रॉनांना वळवून सरळ वाटेला लावी, आणि न वळणारे आयन बाजूच्या धातूवर आपटून संपत. दुसरा उपाय अधिक देखणा. फॉस्फरच्या मागे ॲल्युमिनियमचा अत्यंत पातळ थर द्यायचा. वेगवान इलेक्ट्रॉन त्यातून पार होतात, अवजड आयन अडकतात, शिवाय मागे जाणारा प्रकाश आरशासारखा परतून प्रेक्षकाकडे येतो. एका थराने दोन कामे झाली आणि आयनांचा ठिपका इतिहासजमा झाला.

मग राहिले ते इलेक्ट्रॉनांचे स्वतःचे काम. फॉस्फरच्या दर चौरस सेंटिमीटरवर आजवर एकूण किती विद्युतभार येऊन पडला, त्या मानाने त्याचा उजेड कमी होतो. काल किती पडला याला महत्त्व नाही, एकूण किती पडला याला आहे. दूरदर्शनवर चित्र सतत हलते, त्यामुळे झीज सगळीकडे सारखी वाटली जाते. संगणकावर तसे होत नाही. १९८१ साली आलेल्या आय.बी.एम.च्या वैयक्तिक संगणकाचा एकरंगी पडदा हिरवा होता. त्यातला फॉस्फर मुद्दाम रेंगाळत प्रकाशणारा निवडला होता, म्हणजे अक्षरे लुकलुकू नयेत. पण तीच ती अक्षरे त्याच त्या जागी दिवसभर राहिली की काय होते, ते आमच्या त्या मोडीतल्या पडद्याने दाखवलेच होते. १९८० साली निघालेल्या पॅकमॅन या खेळाची यंत्रे ज्यांनी जवळून पाहिली असतील त्यांना आठवेल, की जुन्या यंत्रांवर वीज बंद असतानाही त्या चक्रव्यूहाच्या भिंती दिसत असत.

उपाय सोपा होता. कोणी पाहत नसेल तर पडदा काळा करावा. १९७९ च्या अटारी संगणकांत नऊ मिनिटे कळ दाबली गेली नाही तर पडद्याचे रंग आपोआप बदलत राहण्याची सोय होती. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी ‘सॉफ्टॉक’ या मासिकात आय.बी.एम. संगणकासाठी एक लहानसा प्रोग्राम छापला. तीन मिनिटे काही हालचाल झाली नाही की तो पडदा काळा करी. स्क्रीनसेव्हर, म्हणजे पडदा वाचवणारा, हे नाव रूढ झाले ते येथून. पुढे १९८९ साली ‘आफ्टर डार्क’ नावाच्या प्रोग्रामात पंख फुटलेले टोस्टर पडद्यावरून उडू लागले आणि लोक पडदा वाचवण्याचे विसरून टोस्टर पाहू लागले. आपल्याकडे नव्वदीच्या दशकातल्या संगणककक्षांत मासे पोहत असत, नळांचे जाळे वाढत असे. त्यामागचे कारण किती शिक्षकांना कोणी सांगितले होते?

जाता जाता एक उलटा प्रकार. वण दाखवणाऱ्या नळीवरच पडतो असे नाही, पाहणाऱ्या नळीवरही पडतो. नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो-१२ मोहिमेत चंद्रावर उतरलेल्या ॲलन बीन यांच्या हातून कॅमेरा हलवताना त्याचे तोंड सूर्याकडे झाले. नळीचा संवेदनशील पडदा भाजला आणि त्या मोहिमेचे चांद्रभूमीवरून होणारे थेट प्रक्षेपण तेथेच आटोपले.

नारिंगी पडदा, मग निळ्याचे दुखणे

१९६४ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी प्लाझ्मा पडदा तयार केला. शिक्षकांनी मुद्दाम लक्षात ठेवावे असे की तो करमणुकीसाठी जन्मलेला नाही. संगणकाच्या साहाय्याने शिकवण्याच्या ‘प्लेटो’ या योजनेसाठी त्यांना पडदा हवा होता. त्या काळी संगणकाची स्मृती फार महाग. दर विद्यार्थ्यासमोरच्या पडद्यावरचे चित्र स्मृतीत साठवून ठेवणे परवडणारे नव्हते. प्लाझ्मा पडद्यातला प्रत्येक ठिपका एकदा पेटवला की विझवेपर्यंत आपण होऊन पेटलेला राही. चित्र लक्षात ठेवण्याचे काम पडदाच करी. निऑन वायूमुळे तो नारिंगी दिसे.

रंगीत प्लाझ्मा संच बाजारात आले ते नव्वदीच्या दशकात. त्यांत वायूतून अतिनील प्रकाश निघतो आणि तो लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरवर पडून रंग दिसतात. पुन्हा फॉस्फर आला, पुन्हा झीज आली. बातम्यांच्या वाहिनीचे बोधचिन्ह कोपऱ्यात उमटू लागले. तिन्ही रंगांत सर्वात आधी थकणारा फॉस्फर निळा होता. हा निळा लक्षात ठेवावा, तो पुढे पुन्हा भेटणार आहे. २०१४ च्या सुमारास मोठ्या कंपन्यांनी प्लाझ्मा संच बनवणे थांबवले.

तोवर घराघरांत एलसीडी पोचला होता. एलसीडीचा ठिपका स्वतः प्रकाश देत नाही. मागे दिवा असतो, आणि पुढचे द्रव-स्फटिक खिडकीच्या झडपांसारखे उघडतात किंवा मिटतात. झडप हजार वेळा उघडली म्हणून दिवा त्या जागी जास्त झिजत नाही. एकच चित्र फार वेळ ठेवले तर एलसीडीवरही त्याची सावली रेंगाळते, पण बहुधा ती काही वेळाने विरते. एका पिढीने या पडद्यांवर काम केले आणि वणांची गोष्ट लोक विसरले. स्क्रीनसेव्हर शोभेपुरता उरला.

कार्बनी रेणू उजळतात

ओएलईडी या नावातला पहिला ‘ओ’ ऑरगॅनिकचा. मराठीत आपण सेंद्रिय म्हणतो, पण हल्ली त्या शब्दाने लोकांना शेणखतावरची भाजी आठवते. येथे त्याचा अर्थ कार्बनी संयुगे एवढाच. अशा संयुगांतून विजेने प्रकाश काढण्याचे प्रयत्न जुने आहेत. १९६३ साली न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अँथ्रासिनच्या स्फटिकातून प्रकाश मिळवला होता, पण त्यासाठी शेकडो व्होल्टचा दाब लागे.

कोंडी फुटली ती कोडॅक कंपनीच्या रॉचेस्टर येथील प्रयोगशाळेत. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग टँग तेथे कार्बनी पदार्थांच्या सौरघटावर काम करत होते. सौरघटात प्रकाश जातो आणि वीज निघते. हे उलट का होऊ नये? टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी दोन वेगवेगळ्या कार्बनी पदार्थांचे अत्यंत पातळ थर एकमेकांवर बसवले. एका थरातून इलेक्ट्रॉन येतात, दुसऱ्यातून धन छिद्रे, आणि दोहोंच्या सीमेजवळ ते भेटले की रेणू उत्तेजित होऊन हिरवा प्रकाश देतो. १९८७ साली त्यांनी शोधनिबंध प्रसिद्ध केला. विद्युतदाब दहा व्होल्टहून कमी होता. जगाने दखल घेतली ती या आकड्याची. त्याच निबंधात दुसराही एक आकडा होता, त्याकडे लोकांचे लक्ष कमी गेले. हा नवा दिवा सतत चालवला तर शंभर तासांच्या आसपास त्याचा उजेड निम्म्यावर येई. शंभर तास म्हणजे चार दिवस आणि चार तास.

पुढचा इतिहास हा बहुतांशी या शंभर तासांशी केलेल्या झुंजीचा इतिहास आहे. पहिला शत्रू पाणी. हवेतले बाष्प आत शिरले की धातूच्या थराखाली काळे ठिपके पसरतात. म्हणून असा पडदा सीलबंद करावा लागतो, आणि किती घट्ट? एक चौरस मीटर आवरणातून दिवसाला एका ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाइतकेच पाणी झिरपलेले चालते. कोकणातल्या पावसाळ्याची ज्यांना सवय आहे त्यांनी या आकड्याकडे थोडा वेळ पाहावे. १९९६ साली व्हॅन स्लाइक, चेन आणि टँग यांनी थरांचे पदार्थ बदलून निम्म्या उजेडाची मुदत ४,००० तासांवर नेली. १९९७ मध्ये मोटारीतल्या संगीतयंत्राच्या लहानशा पट्टीत हे तंत्र बाजारात आले.

पाण्याचा बंदोबस्त झाला तरी निळ्याचे दुखणे राहिलेच. त्याचे कारण रंगातच आहे. ६२० नॅनोमीटरच्या लाल फोटॉनची ऊर्जा २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, ४६० नॅनोमीटरच्या निळ्याची २.७. निळा प्रकाश हवा तर रेणूला आधी तेवढे उत्तेजित व्हावे लागते. कार्बन आणि नायट्रोजन यांच्यामधला साधा एकेरी बंध तोडायला सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट पुरतात. एकटा उत्तेजित रेणू त्या मर्यादेच्या आत आहे, पण दोन उत्तेजित रेणू शेजारी आले आणि एकाने आपली ऊर्जा दुसऱ्याला देऊन टाकली तर बेरीज ५.४ होते. मग बंध तुटतो. लाल रेणूंची बेरीज ४ वर थांबते. धोका तेथेही आहे, पण जोर कमी. तुटलेला रेणू नुसता निकामी होऊन बसत नाही. शेजाऱ्यांची ऊर्जाही तो गिळू लागतो. प्रवाह वाढवला तर उत्तेजित रेणूंची गर्दी वाढते, आणि गर्दीत टकरी जास्त. म्हणून उजेड दुप्पट केला तर आयुष्य निम्म्याहून पुष्कळ कमी होते, साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते. ज्यांच्या हातात असा पडदा आहे त्यांना या वाक्याचा सर्वात जास्त उपयोग होईल.

२००७ च्या अखेरीस सोनी कंपनीने जपानमध्ये ११ इंची ओएलईडी दूरदर्शन संच विकायला काढला. पडदा जाडीला ३ मिलिमीटर. आयुष्य ३०,००० तास सांगितले होते. २००८ साली डिस्प्लेसर्च या बाजार-संशोधन संस्थेने चाचणी केली, तेव्हा १,००० तासांनंतर लाल रंग ७ टक्के, हिरवा ८ टक्के आणि निळा १२ टक्के मंदावलेला आढळला. त्यांच्या अंदाजाने पांढऱ्या पडद्याचे अर्धे आयुष्य १७,००० तासांच्या आसपास भरत होते.

मोठ्या पडद्यांसाठी पुढे वेगळ्या वाटा निघाल्या. एलजीने २०१३ साली ५५ इंची संच आणला. त्यात सगळे ठिपके एकाच पांढऱ्या प्रकाशाचे असतात आणि पुढे रंगीत गाळण्या बसवलेल्या असतात. सॅमसंगने २०२१ च्या अखेरीस निराळी रीत धरली. मागून मुख्यत्वे निळा प्रकाश, आणि त्याचे लाल-हिरव्यात रूपांतर करणारे अतिसूक्ष्म क्वांटम ठिपके पुढे. दोन्हींत प्रकाश देणारे थर एकावर एक रचून प्रत्येकावरचा भार कमी केला जातो. ओझे चार हमालांत वाटावे तसे.

आकडा बरोबर, पण प्रश्न चुकलेला

येथे एका शब्दाची गंमत सांगायला हवी. इंग्रजीत या वणाला बर्न-इन म्हणतात. कारखान्यात मात्र बर्न-इनचा अर्थ चांगला असतो. नवा माल विकण्यापूर्वी काही तास तापवून, चालवून पाहायचा, म्हणजे कच्चे नग तेथेच गळतात. आपण नवा बिडाचा तवा तेल लावून तापवून घेतो, त्याच्याशी थोडे जुळते. ओएलईडीवरच्या वणात काहीही जळत नाही. काही ठिपके शेजाऱ्यांच्या आधी म्हातारे होतात, एवढेच.

घरातल्या भिंतीवरची जुनी तसबीर काढली की खाली चौकोन दिसतो. आपण म्हणतो, भिंतीवर डाग पडला. खरे पाहता त्या चौकोनातला रंगच मूळचा आहे, विटली आहे ती बाकीची भिंत. आणि सगळी भिंत दहा वर्षांत किती विटली हे तसबीर काढेपर्यंत कोणाच्याही लक्षात आलेले नसते. आपला डोळा उजेड मोजण्यात कच्चा, पण कडा ओळखण्यात पक्का आहे. सगळा पडदा वीस टक्के मंद झाला तर आपण खिडकी जरा लोटतो आणि कामाला लागतो. तीन टक्क्यांचा फरक सरळ कडेने उभा राहिला तर तो डोळ्यांत खुपतो.

म्हणून अर्धे आयुष्य ३०,००० तास हा आकडा खरा असला तरी संगणकावर काम करणाऱ्याच्या प्रश्नाचे ते उत्तर नाही. त्याला विचारायचे असते, की तीन टक्के फरक किती तासांत पडेल. किरणोत्साराच्या धड्यातले घातांकी सूत्र येथे लावून पाहू. ०.९७ उरायला किती काळ लागेल? उत्तर येते ३०,००० तासांचा ०.०४४ वा भाग, म्हणजे सुमारे १,३०० तास. रोज आठ तास काम धरले तर १६५ दिवस. प्रत्यक्षात ही झीज शुद्ध घातांकी नसते, सुरुवातीला जास्त वेगाने होते, त्यामुळे उत्तर आणखी खाली येते. उलट बाजूने, तो आकडा ज्या उजेडाला मोजला असेल त्याच्या निम्म्या उजेडात काम केले तर मुदत तीन-चार पट वाढते. आजचे पडदे २००७ च्या मानाने पुष्कळ सुधारले आहेत, तेव्हा या १६५ दिवसांनी कोणी घाबरून जाऊ नये. गणित प्रश्न कसा विचारावा हे शिकण्यासाठी आहे.

रुंद पडद्याची अडचण

आता त्या रुंद पडद्यांकडे येऊ. जानेवारी २०२२ मध्ये डेल कंपनीने एलियनवेअर नावाने ३४ इंची रुंद ओएलईडी पडदा जाहीर केला. आडवे ३,४४० ठिपके, उभे १,४४०. त्यानंतर ४५ इंची आले, आणि २०२३ मध्ये सॅमसंगचा ४९ इंची, ५,१२० गुणिले १,४४० ठिपक्यांचा. हा सुमारे १२० सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे शाळेतल्या दोघांच्या बाकाएवढा. दोन पडदे शेजारी मांडण्याऐवजी एकच लांबलचक, मध्ये चौकट नसलेला. हिशेबाचे तक्ते, संकलनाची लांब पट्टी, सगळे एका नजरेत.

पण चित्रपट, वाहिन्या, शैक्षणिक फिती हे सारे साहित्य बहुतेक सोळास-नऊ या प्रमाणात असते. १,४४० उंचीला त्याची रुंदी भरते २,५६०. ३४ इंची पडद्यावर उरले ८८०, म्हणजे दोन्ही बाजूंना ४४० ठिपक्यांच्या काळ्या पट्ट्या. प्रत्यक्षात दर पट्टी सुमारे दहा सेंटिमीटर. ४९ इंचीवर तर निम्मा पडदा काळा राहतो. काळा म्हणजे ओएलईडीत विझलेला, म्हणजेच न झिजलेला. दोन वर्षे रोज असे पाहिल्यावर पडद्याचा मधला भाग थकतो आणि दोन्ही कडा ताज्या राहतात. तसबीर आणि भिंत. मग कधी पूर्ण पांढरे पान उघडले की कडा अधिक उजळ दिसतात.

शिवाय संगणकावर हलत नाही असे बरेच काही असते. खालची चिन्हांची पट्टी, कोपऱ्यातले घड्याळ, खिडक्यांच्या कडा. रुंद पडद्यावर माणूस दोन खिडक्या शेजारी शेजारी ठेवून काम करतो, त्यामुळे त्यांच्यामधली उभी कड महिनोन्महिने एकाच जागी राहते. घरातल्या दूरदर्शनवर वाहिनी तरी बदलते.

कॅनडातील आर-टिंग्ज या परीक्षण संस्थेने २०१८ साली सुरू केलेली चाचणी या संदर्भात बोलकी आहे. एकाच जातीचे सहा ओएलईडी संच रोज वीस तास चालवले, त्यांवर वेगवेगळे कार्यक्रम. बातम्यांची वाहिनी लावलेल्या संचांवर बोधचिन्हाचा आणि खालच्या पट्टीचा वण स्पष्ट उमटला. ज्या संचावर सतत बदलती दृश्ये असलेला खेळ चालू होता, त्याच्यावर डोळ्यांना जाणवेल असे काही उमटले नाही. तास सारखेच होते, फरक स्थिरतेचा होता.

बनवणाऱ्यांनी केलेले उपाय पाहिले की जुन्या गोष्टी आठवतात. चित्र अधूनमधून एक-दोन ठिपके सरकवायचे, म्हणजे कड बोथट होते. स्थिर बोधचिन्ह ओळखून तेवढाच भाग मंद करायचा. काही वेळ हालचाल झाली नाही तर पडदा काळा करायचा, म्हणजे सोचा यांची तीन मिनिटेच परत आली. नवा आणि हुशारीचा उपाय एकच आहे. काही तासांच्या वापरानंतर पडदा विश्रांतीला गेला की यंत्र ठिपक्यांची विद्युत चाचणी घेते आणि जे थकले असतील त्यांना पुढच्या वेळी थोडा जास्त प्रवाह देते. फरक बुजतो. पण जास्त प्रवाहाने तो थकलेला ठिपका आणखी लवकर थकतो, आणि जास्तीचा प्रवाह द्यायला जागा असते तोवरच हे चालते. अनेक जण ही चाचणी पूर्ण होण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करतात. वीज वाचवण्याची आपली चांगली सवय येथे अंगाशी येते.

एलियनवेअरच्या त्या पडद्याबरोबर तीन वर्षांची हमी होती आणि वणही तिच्यात धरला होता. पुढे इतर काही कंपन्यांनीही तसे केले. आमच्या मते खरेदी करणाऱ्याने वाचायचा आकडा तो हा. कंपनी स्वतःच्या पैशाने जेवढी वर्षे जबाबदारी घेते, तेवढाच तिचा विश्वास. शाळेने घेताना बिलावर हे शब्द लिहून घ्यावेत. हमीनंतर वण पडला तर दुरुस्ती नसते, सगळी काच बदलावी लागते, आणि तिची किंमत जवळजवळ नव्या पडद्याएवढी. ज्या वर्गात दिवसभर एकच वेळापत्रक किंवा तक्ता लावून ठेवायचा आहे, तेथे साधा एलसीडी घ्यावा. त्यात कमीपणा नाही.

पुण्यात आमचा एक मित्र ध्वनिचित्रफितींचे संकलन करतो. त्याच्याकडे ३४ इंची ओएलईडी पडदा तीन वर्षांहून थोडा जास्त काळ आहे. “माझ्यावर काही डाग नाही,” असे तो अभिमानाने सांगत असे. हे लिहिण्याच्या निमित्ताने आम्ही त्याच्याकडे गेलो, खोलीत अंधार केला आणि सगळ्या पडद्यावर एकसारखा करडा रंग लावला. आधी काहीच दिसले नाही. मग डोळे सरावल्यावर खालच्या बाजूला एक अंधुक आडवी पट्टी दिसली, तिच्यात डावीकडे चिन्हांचे चार-पाच चौकोन. दोन्ही कडांना पट्ट्या किंचित उजळ होत्या. आम्ही मोजपट्टी लावली. डावीकडची दहा सेंटिमीटर भरली, उजवीकडचीही.

मित्र बराच वेळ खुर्चीत बसून पाहत राहिला. हमी संपून दोन महिने झाले होते. मग त्याने आपले रोजचे काम उघडले, आणि त्या रंगांच्या गर्दीत पट्ट्या कुठे गेल्या ते आम्हालाही सांगता येईना. “हे करडे पान गिऱ्हाइकासमोर उघडू नका म्हणजे झाले,” तो म्हणाला, आणि खालची चिन्हांची पट्टी लपवून टाकायची कशी, ते शोधू लागला.